बॉडी वायरचे पैसे कोण देणार?

आमच्या तलवारबाजी क्लबला एका धर्मादाय ट्रस्टची मदत मिळायला लागल्यापासून इतर क्लबांतले पालक आणि कोच सारखे विचारतात: अर्ज कसा केलात, काय काय कागद लागले, नमुना पाठवता का? नमुना पाठवून फारसा उपयोग होत नाही असं माझं मत झालंय. प्रत्येक ट्रस्टचा फॉर्म वेगळा आणि प्रत्येक क्लबचं दुखणंही वेगळं. त्यापेक्षा जे घडलं ते सविस्तर लिहिते, ज्याला जे उपयोगी वाटेल ते त्याने उचलावं. मी स्वतः कधी तलवार हातात धरलेली नाही. मुलगी खेळते, माझा पेशा हिशेबाचा, त्यामुळे खजिनदारी आपसूक माझ्या गळ्यात पडली.

विषय निघाला तो मुलांच्या गळतीवरून. आमच्याकडे नवी मुलं भरपूर येतात आणि पहिले काही महिने त्यांना खर्च जवळपास नसतोच. मास्क क्लबचा, जॅकेट क्लबचं, तलवार म्हणजे विजेशिवायची साधी फॉईल (या खेळातल्या तीन तलवारींपैकी एक), तीही क्लबची. मूल पावलं शिकतं, लंज म्हणजे पुढे झेपावून वार करायला शिकतं, त्याला गोडी लागते. मग एक दिवस सर म्हणतात, आता इलेक्ट्रिकवर ये, म्हणजे वार लागला की मशीनवर दिवा लागतो अशा तलवारीवर, स्पर्धेला नाव दे. घरातलं गणित कोलमडतं ते इथे. इलेक्ट्रिक फॉईल हवी, अंगावर घालायचं धातूच्या धाग्यांचं लामे जॅकेट हवं, तलवारीपासून पाठीमागच्या रीलपर्यंत जाणारी बॉडी वायर हवी, मास्कची वायर हवी. त्यात स्पर्धेचा नियम असा की खेळाडूने पिस्टवर, म्हणजे सामन्याच्या पट्टीवर, येताना चालू स्थितीतल्या किमान दोन तलवारी आणि दोन बॉडी वायर सोबत आणायच्या. एक बंद पडली आणि हाताशी दुसरी नसली तर पिवळं कार्ड, पुन्हा तसंच झालं तर लाल कार्ड आणि समोरच्याला फुकटचा गुण. हजेरीपट घेऊन मी आणि सर बसलो तेव्हा चित्र स्पष्ट झालं. मुलं कंटाळून जात नव्हती. इलेक्ट्रिकच्या उंबरठ्यापर्यंत यायची आणि तिथून परत फिरायची.

पैसे मागायचे तर कुणाकडे, हा पुढचा प्रश्न. क्रीडा खात्याच्या आणि महासंघाच्या योजना बहुधा पदक मिळवलेल्यांसाठी असतात. निदान आम्ही चाळल्या त्या तरी तशाच होत्या. ज्याने अजून पहिली स्पर्धाच खेळलेली नाही त्याला तिथे जागा नव्हती. धर्मादाय ट्रस्टचा विचार उलट्या टोकापासून सुरू होतो. त्यांना पदकाशी फारसं घेणंदेणं नसतं. मुलांचं आरोग्य, शिक्षण, मुलींचा सहभाग, अपंगत्व, वंचित वस्ती असे त्यांचे विषय. ट्रस्टच्या उद्दिष्टांत 'तलवारबाजी' हा शब्द शोधत बसाल तर म्हातारे व्हाल. म्हणून आम्ही उद्दिष्टं आधी वाचली आणि आपला क्लब त्यात खरोखर बसतो का, ते पाहिलं. ओढूनताणून बसवायचं नाही असं ठरवलं होतं. एक ट्रस्ट फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी होता. आमच्यातल्या एका उत्साही काकांनी सुचवलं की आजी-आजोबांची एक बॅच काढू. तो मोह टाळला ते बरं झालं, नाहीतर मुलांच्या वायरीसाठी आजोबांना लंज मारायला लावावं लागलं असतं.

बऱ्याच ट्रस्टकडून उत्तरच आलं नाही. एकाने कळवलं की आम्ही व्यक्तींना देतो, संस्थांना नाही. दुसऱ्याचं नेमकं उलट. या उत्तरांनाही किंमत आहे, कारण कुणाकडे क्लबच्या नावाने जायचं आणि कुणाकडे एकेका मुलाच्या नावाने, हे त्यातून कळतं. शेवटी एका मध्यम आकाराच्या ट्रस्टने सविस्तर अर्ज मागवला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण तो भाग रटाळ असला तरी अवघड नाही. क्लबची घटना, नोंदणी, क्लबच्या नावाचं आणि दोन सह्यांनी चालणारं बँक खातं, तपासलेले हिशेब, कार्यकारिणीचा ठराव, तीन पुरवठादारांची कोटेशनं. त्यांनी बालसुरक्षा धोरणही मागितलं. सर जरा दुखावले. इतकी वर्षं मुलं शिकवतोय, माझ्यावर विश्वास नाही का, म्हणाले. मला ती मागणी रास्त वाटली. कोच मुलाचा हात धरून पवित्रा शिकवतो, स्पर्धेला परगावी घेऊन जातो, तिथे मुक्काम होतो. नियम लेखी असले की मुलांना संरक्षण मिळतं आणि कोचलाही मिळतं. दोन दिवसांनी सरांनीच त्यात एक कलम घातलं: प्रवासात पालकांपैकी एक जण सोबत असलाच पाहिजे.

हिशेबांवरून मात्र चांगलीच उलटतपासणी झाली. खात्यात थोडी शिल्लक दिसत होती, मग मदत कशाला, असा प्रश्न आला. क्लबची शिल्लक म्हणजे हॉलचं काही महिन्यांचं भाडं असतं. ती वापरून टाकली आणि एका मोसमात मुलं कमी आली तर क्लब बंद. हे मी त्यांना आकड्यांनिशी लिहून दिलं. शिल्लक कशासाठी राखली आहे ते अर्जातच लिहावं, प्रश्न येण्याची वाट पाहू नये.

खरी रस्सीखेच झाली ती 'कशासाठी' यावर. ट्रस्टने पहिल्याच बैठकीत तोंडी तयारी दाखवली: ठरावीक मुलांना नखशिखांत किट देऊ. मास्क, जॅकेट, तलवार, सगळं नवं कोरं. वाटपाचा छोटा कार्यक्रम करू, फोटो काढू. ऐकायला छान होतं आणि कार्यकारिणीतले अर्धे लोक तिथेच हो म्हणायला तयार होते. मला आकडे दिसत होते. मास्क आणि जॅकेट अनेक वर्षं टिकतात. मूल खेळात टिकतं का, हे ठरतं दर मोसमाला होणाऱ्या खर्चावर: तुटणारी पाती, मरणाऱ्या वायरी, तलवारीच्या टोकाच्या टिपा, प्रवेश शुल्क, प्रवास. आणि या कशाचाच फोटो चांगला येत नाही.

मी म्हटलं, एकदा सरावाला या. आल्या. त्यांच्यातर्फे एक विश्वस्त मॅडम आणि त्यांचा कार्यालयीन माणूस. प्रात्यक्षिक वगैरे ठेवलं नाही, नेहमीचा सराव चालू ठेवला. थोड्या वेळाने एका मुलाच्या फॉईलचा दिवा लागेना. तो नेहमीसारखा कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला. फॉईलच्या टोकाला एक टिप असते, ती दाबली गेली की मशीनला कळतं. ती टिप दोन स्क्रूंनी जागेवर धरलेली असते, आणि ते स्क्रू इतके बारीक की तिळाचा दाणाही त्यांच्यापुढे मोठा वाटावा. त्याने पहिला स्क्रू काढून चुंबकावर ठेवला, दुसरा हातातून निसटला. सराव थांबवून दहाबारा मुलं गुडघ्यांवर बसून जमीन चाचपायला लागली. मॅडमही वाकल्या. स्क्रू सापडला नाही, डबीतला दुसरा घेतला. मग त्याने आतली स्प्रिंग साफ केली, टिप परत बसवली आणि फॉईल उभी धरून टोकावर 500 ग्रॅमचं वजन ठेवलं. स्प्रिंगने ते वजन वर उचललं पाहिजे. उचललं नाही. म्हणजे ही तलवार स्पर्धेतल्या तपासणीत बाद. स्प्रिंग बदलली, पुन्हा वजन ठेवलं, या वेळी वर आलं.

मॅडमनी विचारलं, "हे किती वेळा करावं लागतं?"

तो म्हणाला, "काकू, रोजच कुणाचं तरी असतं."

त्याच दिवशी एक पातंही तुटलं, त्यामुळे मला आणखी एक गोष्ट दाखवता आली. इलेक्ट्रिक फॉईलच्या पात्याला लांबीभर एक खाच असते आणि तिच्यात बारीक वायर चिकटवलेली असते. पातं तुटलं की ती वायरही गेली. मूठ, गार्ड आणि मागचं वजन तेवढं वाचतं. स्वस्तातलं कार्बन स्टीलचं पातं लवकर जातं. मॅरेजिंग स्टीलचं महाग, पण त्यात तडा हळूहळू पसरतो म्हणून जास्त चालतं. बॉडी वायरचंही तसंच. प्लगच्या तोंडाशी आतल्या आत तुटते, बाहेरून धडधाकट दिसते. मॅडम हिशेबाच्या पक्क्या होत्या. त्या दिवसानंतर किटवाटपाच्या कार्यक्रमाचा विषय त्यांच्याकडून पुन्हा निघाला नाही.

त्यांचे कार्यालयीन गृहस्थ मात्र अभ्यास करून आले होते. त्यांचा मुद्दा होता, इपीला लामे लागत नाही म्हणे, मग सगळ्यांना इपीच शिकवा की! मुद्दा चूक नव्हता. इपी आणि सेबर या फॉईलखेरीजच्या दोन तलवारी. इपीत अख्खं शरीर लक्ष्य असतं, त्यामुळे धातूच्या जॅकेटची गरज नाही. फॉईलमध्ये फक्त धड, सेबरमध्ये कमरेच्या वरचा भाग, म्हणून त्या दोन्हींत लक्ष्य कुठलं ते मशीनला कळण्यासाठी लामे. पण आमचे सर फॉईलचे आणि पायाही फॉईलवरच घालतात. ट्रस्टच्या सोयीसाठी खेळ बदलायचा नाही, हे सरांनी नम्रपणे पण ठाम सांगितलं. फक्त थोड्या मोठ्या मुलांपैकी ज्यांचा कल इपीकडे आहे त्यांना तिकडे वळवायला आम्ही तयार झालो, आणि अंदाजपत्रकात तेवढी लामे कमी केली.

सुरक्षिततेच्या रकान्यात काटछाट करायची नाही, पण फुगवायचंही नाही, असं धोरण होतं. जुने मास्क, जुनी जॅकेटं गोळा करून का चालत नाही, असं ट्रस्टने विचारलं होतं. त्याचं उत्तर इतिहासातच आहे. 1982 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिरनोव, मॉस्को ऑलिम्पिकचा फॉईल विजेता, प्रतिस्पर्ध्याचं तुटलेलं पातं मास्कमधून आत शिरून दगावला. त्यानंतर मास्क, कपडे आणि पाती यांचे निकष कडक झाले. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कपडे 800 न्यूटनचे आणि मास्कची गळपट्टी 1600 न्यूटनची लागते; आकडा जितका मोठा तितकं कापड भोसकायला अवघड. मास्कची जाळी तपासायला 12 किलोचा पंच, म्हणजे जाळीवर दाबून पाहायचं टोकदार अवजार, वापरतात. त्यामुळे कुणाच्या माळ्यावरचा गंजका मास्क आम्ही घेत नाही, देणारा कितीही मनापासून देत असला तरी. दुसरीकडे, आमची बहुतेक मुलं ज्या स्पर्धा खेळतात तिथे 350 न्यूटनचे कपडे चालतात. मग सगळ्यांसाठी 800 न्यूटनची मागणी कशाला? मुलं वर्षभरात बाहीतून बाहेर येतात. आम्ही 350 मागितले, वरच्या पातळीवर खेळणाऱ्या मोजक्यांसाठी 800, आणि कुणासाठी काय ते स्पर्धेच्या नियमाचा हवाला देऊन लिहिलं. नंतर मॅडम म्हणाल्या की अर्जात कमी मागितलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. हे जरा कौतुकापोटी असेल, पण त्यामुळे बाकीच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास बसला हे खरं.

किट मुलांच्या मालकीचं करायचं नाही, क्लबच्या मालकीचं ठेवून वापरायला द्यायचं, हेही तेव्हाच ठरलं. वाढत्या मुलांना ते सोयीचं. जॅकेट आखूड झालं की परत करायचं, मोठं घ्यायचं. पात्यांनाही नंबर असतात, शून्यापासून पाचपर्यंत. लहानांना छोटी, मोठ्यांना 90 सेंटिमीटरची पाच नंबरची. नोंदवहीत एक रकाना आवर्जून ठेवा: डावखुरा की उजवा. जॅकेटची चेन कुठल्या बाजूला आहे, ग्लोव्ह कुठल्या हाताचा, पिस्तुल-ग्रिप, म्हणजे पिस्तुलासारखी मूठ, कुठल्या पंजासाठी, सगळं त्यावर ठरतं. या खेळात डावखुऱ्यांचा भरणा नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्त. आमच्याकडे एक वेळ अशी आली होती की कपाटात जॅकेटं पडून होती आणि दोन डावऱ्या मुली आपल्या पाळीची वाट बघत होत्या. ग्लोव्ह आणि मोजे मात्र सामाईक नाहीत. घामाचा वास ज्याने घेतलाय तो कारण विचारणार नाही.

सगळ्यात नाजूक प्रश्न होता की कोणाला द्यायचं. ट्रस्टच्या फॉर्ममध्ये प्रत्येक लाभार्थी मुलाचं नाव, फोटो, घरच्या उत्पन्नाचा दाखला आणि 'संघर्षाची कहाणी' असा रकाना होता. एका मुलाच्या आईने फॉर्म वाचला आणि सही न करता परत दिला. म्हणाल्या, माझ्या मुलाला खेळायचंय, त्याची गोष्ट कुणाला सांगायची नाही. त्या चिडल्या नव्हत्या. मुलगा दुसऱ्या आठवड्यापासून यायचा बंद झाला.

ते मला फार लागलं. तलवारबाजीचा पांढरा पोशाख चढवला आणि मास्क खाली ओढला की कोण कुठल्या घरचा हे ओळखू येत नाही. पिस्टवर जे आपोआप होतं ते आम्ही कागदावर मोडायला निघालो होतो. मग ट्रस्टला दुसरा प्रस्ताव दिला. पहिल्या वर्षी क्लबमधलं प्रत्येक मूल किट क्लबच्या कपाटातूनच घेईल, ऐपत असो वा नसो. ज्यांना शक्य आहे ते वापराचं शुल्क भरतील, ज्यांना नाही त्यांचं ट्रस्टच्या निधीतून वळतं होईल. कोणाचं वळतं झालं हे फक्त मला आणि अध्यक्षांना माहीत, सरांनाही नाही. ट्रस्टला नावांऐवजी क्रमांक, वय आणि मुलगा-मुलगी एवढंच. उत्पन्नाचे कागद पाहिल्याची खात्री आम्ही दोघं सहीने देऊ आणि त्यांच्या लेखापरीक्षकाला ते कधीही तपासता येतील. विश्वस्त मंडळात यावर बरीच चर्चा झाली असं कळलं. शेवटी मान्य झालं, फोटोच्या जागी हॉलचा एक सामूहिक फोटो, तोही मास्क घातलेला. तो मुलगा परत आला. कसा, ते त्याच्या आईचं आणि माझं आपसातलं.

मुलाखतीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी अपेक्षित प्रश्न विचारलाच: यातून ऑलिम्पिकला कोणी जाईल का? सर म्हणाले, सांगता येत नाही. मी दोन उदाहरणं दिली. भारताची तलवारबाज भवानी देवी शाळेत शिकत असताना सरावाला बांबूच्या काठ्या वापरायची आणि इलेक्ट्रिक सेबर स्पर्धेपुरती राखून ठेवायची, असं तिने स्वतः अनेकदा सांगितलंय. ती टोकियो ऑलिम्पिकला पोहोचली, आणि तिच्या वाटचालीत एका क्रीडा प्रतिष्ठानची साथ होती. दुसरं न्यूयॉर्कचं. 1984 च्या ऑलिम्पिकमधला सेबरचा कांस्यपदक विजेता पीटर वेस्टब्रुक याने 1991 मध्ये तिथे प्रतिष्ठान काढलं, वस्तीतल्या मुलांना शनिवारी तलवारबाजी शिकवायला. तिथून ऑलिम्पिकपटू निघाले, इब्तिहाज मुहम्मद त्यातलीच. पण त्या संस्थेने शाळेच्या अभ्यासालाही तितकंच महत्त्व दिलं, आणि दर शनिवारी येऊन गेलेल्या बहुतेक मुलांच्या गळ्यात कधी पदक पडलेलं नाही. आम्हाला मदत हवी होती ती अशा मुलांसाठी. विश्वस्त काही बोलले नाहीत, पण पुढचा प्रश्न हजेरीबद्दल आला, तेव्हा मला हायसं वाटलं.

मंजुरी मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडी जास्त आली. अर्जातच 'निम्मी रक्कम मिळाली तर काय कराल' याचं उत्तर लिहिलेलं होतं, त्यामुळे धावपळ झाली नाही: नवी जॅकेटं कमी, पण पाती-वायरी-टिपांचा निधी आणि प्रवेश शुल्क जसंच्या तसं. अटी नेहमीच्याच. वर्षात खर्च करा, पावत्या द्या, उरलेलं परत करा. एक अट आम्ही बदलून घेतली. प्रत्येक वस्तूची वेगळी पावती आणि वेगळी मंजुरी असं होतं. दोन स्क्रूंसाठी मंजुरी कोण मागणार? किरकोळ दुरुस्तीसाठी एकत्रित रक्कम आणि तिमाही हिशेब, असं ठरलं. वस्तूंसारखंच माणसांचंही: दुरुस्तीच्या टेबलाशी बसायला दोन मोठ्या मुलांना सरांनी तयार केलंय. सोल्डरिंग, मल्टिमीटर, वायरीची चाचणी, सगळं करतात. निम्म्या वायरी आता टाकून न देता पुन्हा चालू होतात.

अहवालात आम्ही पदकांचा तक्ता शेवटी टाकतो. आधी येतं ते असं: मोसमाच्या सुरुवातीला इलेक्ट्रिकवर किती आली, शेवटी किती उरली, मुली किती, कोण सोडून गेलं आणि का. सोडून गेलेल्यांचं लिहू नका, वाईट दिसतं, असं आमच्यातल्याच काहींचं म्हणणं होतं. लिहिलं. एका मुलीने परीक्षेमुळे सोडलं, एकाला घरून संध्याकाळी सोबत नसायची. दुसऱ्या कारणावर ट्रस्टनेच सुचवलं की प्रवासाच्या रकान्यातून सरावाला ये-जा करण्याचा खर्चही करा. असं काही मागता येतं हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

हा ट्रस्ट कायम देणार नाही हे त्यांनी पहिल्या पत्रातच लिहिलंय. म्हणून वापराच्या शुल्कातला एक हिस्सा आम्ही वेगळ्या खात्यात टाकतो, पाती आणि वायरींसाठी. तो पुरणार नाही, पण खड्डा लहान होईल.

सध्या व्हीलचेअर तलवारबाजीसाठी दुसऱ्या एका ट्रस्टकडे अर्ज करतेय. हा खेळ 1960 च्या रोम पॅरालिम्पिकपासून आहे. त्यात दोन्ही खुर्च्या एका फ्रेमला घट्ट बसवतात, अंतर आधी ठरवून. मागे सरकता येत नाही, जे काय करायचं ते कमरेच्या वर. फ्रेम एकदाच घ्यावी लागते आणि तिचा फोटोही छान येतो, त्यामुळे ती मिळेल असं वाटतं. हॉलच्या दाराशी रॅम्प नाही आणि स्वच्छतागृहाचं दार अरुंद आहे, म्हणून अंदाजपत्रकात ती दोन कामं फ्रेमच्या वर लिहिली आहेत. ट्रस्टकडून फोन आला होता, हे बांधकाम कशासाठी म्हणून विचारत होते. पुढच्या आठवड्यात हॉल बघायला येतायत.